सहा फुटी रीफ टँक : आराखडा तयार आहे, कुठे पाणी मुरतंय ते सांगा

ओहोटी | रविवार, १०:४२

मंडळी, गोड्या पाण्याचे टँक अकरा वर्षं ठेवले. वनस्पती झाल्या, डिस्कस मासे झाले. आता खाऱ्या पाण्यात, म्हणजे प्रवाळांच्या रीफ टँकमध्ये, उतरायचं म्हणतोय, आणि उतरायचंच तर घोट्याएवढ्या पाण्यात कशाला? म्हणून थेट सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच.

आराखडा असा. १२ मिमी काच, वरून आडव्या पट्ट्या. खालच्या कपाटात तीन बाय दीड बाय दीड फुटांचा संप, म्हणजे वरचं पाणी जिथे उतरतं आणि पंपाने परत वर जातं ती टाकी. मागच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो (पाणी खाली उतरायचा डबा), त्यात दीड इंची एकच पाइप. पंपाचं पाणी ज्या पाइपातून वर येतं त्याचं तोंड पाण्याखाली अर्धा फूट ठेवलंय. तळाशी प्रवाह राहील आणि खळखळ ऐकू येणार नाही. दिवे ठरलेत. खरं सांगायचं तर दिवेच आधी ठरले. प्रवाळं : वरच्या दगडांवर अक्रोपोरा, मधे हॅमर आणि टॉर्च, खाली मऊ जातीची. मासे : क्लाऊनची जोडी, पिवळा टँग, निळा टँग, अँथियसचा थवा, आणि मुलीसाठी एक मँडरिन. तिने त्याचं चित्र काढून भिंतीवर लावलंय, त्यामुळे मँडरिनवर वाटाघाटी नाहीत.

माझं मत विचाराल तर नवख्याने मोठाच टँक घ्यावा. पाणी जास्त तितकं ते हळू बिघडतं. बाकी कौतुक नको, खोट काढा.

बुडबुडा | रविवार, १०:५०

मी पहिला! वाचनखूण साठवली आहे. खारं पाणी फक्त डोळ्यांतलं माहीत, त्यामुळे तूर्तास श्रोता.

लंबक | रविवार, ११:३५

पाण्याचं मला कळत नाही, पण ते ज्यावर उभं राहणार त्याचं कळतं. घर कितव्या मजल्यावर आहे, ते लिहिलंच नाहीत.

तुमचा टँक २४ घनफूट, म्हणजे साधारण ६८० लिटर. खारं पाणी लिटरला १.०२५ किलो, म्हणजे नुसतं पाणीच सातशे किलोच्या घरात. काच सव्वाशे किलो. त्यावर दगड, वाळू, स्टँड, संपातलं पाणी. सगळं मिळून टनाच्या पुढे जातं, आणि ते उभं आहे १.१ चौरस मीटरवर. राहत्या घराची जमीन सहसा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वजन धरून आखतात. तुम्ही तिथे नऊशेच्या वर ठेवताय.

लगेच घाबरू नका. ते २०० सगळ्या खोलीभर पसरलेलं धरतात आणि तुमची बाकीची खोली रिकामी आहे. पण टँक कुठे ठेवला याने फार फरक पडतो. बीमवर किंवा बीमच्या अगदी कडेला असेल तर एक गोष्ट, स्लॅबच्या मधोमध असेल तर वेगळीच. भिंतीलगत ठेवलाय म्हणून निश्चिंत होऊ नका. ती चार इंची आडभिंत असेल तर ती खोल्या वेगळ्या करते, वजन घेत नाही. इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. मला विचारू नका, कारण मी तुमचं घर पाहिलेलं नाही. इथे ‘काही होत नाही हो’ म्हणणारे भेटतील, त्यांनीही पाहिलेलं नाही.

टोपीवाला | रविवार, ११:५२

काही होत नाही हो! सात-आठ माणसं एका कोपऱ्यात उभी राहिली तर घर पडतं का?

लंबक | रविवार, १२:०४

बघा, सतरा मिनिटांत भेटले.

टोपीवाले, ती माणसं पाच मिनिटांनी चहाला आत जातात. हा पाहुणा दहा वर्षं उभा राहणार. काँक्रीट कायमच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं, आणि आपल्याकडे तर वर काच आहे.

ओहोटी | रविवार, १२:३०

तिसरा मजला. आणि ती भिंत आत्ताच टेप लावून पाहिली. चार इंची निघाली. 🙁

रात्रपाळी | सोमवार, ०२:१७

चौदा वर्षं रीफ ठेवतोय, आणि एकदा घरात पूर आणलाय, त्या अधिकारवाणीने लिहितो.

दिवे आधी ठरले म्हणताय. सगळ्यांचं तसंच होतं. पण या छंदात सुरुवात संपापासून करायची. (मराठीत संप म्हणजे काम बंद. इथे पंपाने संप केला की संप भरतो. हा विनोद मी चौदा वर्षं करतोय, घरचे आता उठून जातात.)

तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. पंप चालू आहे तोवर वरचं पाणी खाली, खालचं वर, सगळं सुरळीत. वीज गेली. पंप थांबला. आता तुमचा परतीचा पाइप उलटा वाहू लागतो, कारण त्याचं तोंड पाण्यात बुडलेलं आहे आणि दुसरं टोक खाली संपात. सायफन. तोंड उघडं पडेपर्यंत तो थांबत नाही. सहा बाय दोन फुटांच्या टँकमध्ये पाण्याचा एक सेंटिमीटर थर म्हणजे ११ लिटर. अर्धा फूट म्हणजे १५ सेंटिमीटर, म्हणजे १६५ लिटरच्या वर. तुमच्या संपात एक सेंटिमीटरला जेमतेम ४.२ लिटर मावतात. तो नेहमी २५ सेंटिमीटरपर्यंत भरलेला धरला तर वर २० सेंटिमीटर मोकळे, म्हणजे ८४ लिटरची जागा. उरलेलं ऐंशी लिटर खारं पाणी कुठे जाईल, ते तुमच्या खालच्या मजल्यावरचे सांगतील.

यावर लोक उपाय सांगतात, की परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीजवळ एक छोटं भोक पाडा. पातळी खाली आली की हवा ओढली जाते, सायफन तुटतो. माझ्याही पाइपाला ते भोक होतं. पाच मिलिमीटरचं. दीड वर्ष चोख चाललं. मग एका रात्री वीज गेली. मी झोपेत होतो, मला पत्ताच नाही. पाणी प्यायला उठलो आणि पाय ओला झाला. बॅटरी मारली तर सतरंजीची कड काळी पडत पुढे पुढे सरकत होती, आणि संपाच्या काठावरून काचेला चिकटून एक पातळ पापुद्रा अगदी शांतपणे खाली उतरत होता. थेंब नाही, आवाज नाही. वर पाहिलं तर भोकावर गोगलगाय. करंगळीच्या नखाएवढी. शेवाळ खात खात तिथे पोचली असणार आणि ओढ लागताच बुचासारखी बसली. मी तिला उचललं, फुस्स झालं, आणि सायफन तुटला.

म्हणून परतीचं तोंड पाण्याच्या पातळीखाली दोन-अडीच सेंटिमीटरच ठेवा. भोकही पाडा, पण ते नाहीच असं धरून संपात जागा सोडा. पाइपात एकदिशा झडप बसवून निवांत झोपणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही. त्या झडपेत वाळूचा एक कण अडकला की ती दोन्ही दिशांना तितकीच उदार होते.

दुसरं, एकच उतरता पाइप नको. दोन घ्या. एक पूर्ण भरून वाहणारा, गेट व्हॉल्व्हने जुळवलेला, म्हणजे गुडगुड आवाजही जातो. दुसरा त्याहून उंच, कोरडा, फक्त पहिला तुंबला तर कामाला येणारा. या रचनेला हर्बी म्हणतात. तीन पाइपांची बीन-अ‍ॅनिमल पद्धत त्याहून भक्कम. आणि भोकं पाडण्याआधी तळाची काच टेम्पर्ड नाही याची खात्री करा. टेम्पर्ड काचेला ड्रिल लावलं की हातात ड्रिल राहतं आणि जमिनीवर साखर.

गोगलगाय | सोमवार, ०७:०५

आमच्या जातीची बदनामी थांबवावी. आम्ही काम करत होतो.

ओहोटी | सोमवार, ०९:२०

रात्रपाळी, दंडवत. अर्धा फूट मी सौंदर्यासाठी ठेवला होता. सकाळी उठून कागदावर तीनदा गुणाकार केला, तिन्ही वेळा ऐंशी लिटर जमिनीवर.

काठावरचा | सोमवार, १३:१०

मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. ‘मोठा टँक नवख्याला सोपा’ हे वाक्य दुकानातून उगम पावतं.

मोठं पाणी हळू बिघडतं, कबूल. पण हळू सुधारतंही. शंभर लिटरच्या टँकमध्ये चूक झाली तर अर्धं पाणी बदलून दुपारी मोकळे. तुमच्याकडे संपासकट साडेसातशे लिटर धरू. १५ टक्के पाणी बदलायचं म्हणजे ११० लिटर तयार पाणी हवं, तेही आरओ आणि डीआय (उरलेसुरले क्षार काढणारी गाळणी) दोन्हीतून गेलेलं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. दिवसाला २८० लिटर देणारं युनिट असेल तरी नऊ-दहा तास गेले, आणि त्याच्या तीन-चार पट पाणी मोरीत. मग मीठ घालून ढवळा, तापमान जुळवा, आणि हे दर पंधरवड्याला. पहिले सहा महिने हौसेने कराल. मी दीडशे लिटरवर दोन वर्षं काढली. चुका सगळ्या केल्या, पण खिशाला आणि पाठीला सोसतील अशा.

ओहोटी | सोमवार, १४:०२

पटत नाही. लहान टँकमध्ये बाष्पीभवनाने क्षारता दिवसभरात इकडची तिकडे होते. एक मासा मेला आणि दिसला नाही तर अमोनिया चढतो. अकरा वर्षं पाणी सांभाळलंय, अगदीच बालवाडीत नाही मी.

काठावरचा | सोमवार, १४:१५

गोड्या पाण्यातली अकरा वर्षं इथे पहिलीत प्रवेश मिळवून देतात. बालवाडी माफ, एवढंच.

चिमूटभर | सोमवार, १६:४८

दोघंही बरोबर आहात, पण भांडण आकारावर चाललंय आणि मोजमापाबद्दल कुणीच बोलत नाहीये. पेशाने रसायनशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. सहा फुटी टँकमधून रोज पाच ते दहा लिटर उडू शकतं. त्याची भरपाई गोड्या आरओ पाण्यानेच करायची. हे वाचताना सोपं वाटतं आणि तरी दरवर्षी कुणीतरी खाऱ्या पाण्याने भरपाई करतं आणि क्षारता का चढतेय म्हणून विचारायला येतं. आपोआप भरणारं यंत्र लावा, पण त्याच्या सेन्सरवर विश्वास ठेवू नका. तो अडकला तर भरपाईची अख्खी टाकी रिकामी होईल. म्हणून ती टाकीच इतकी लहान ठेवा की सगळी ओतली गेली तरी क्षारता फार हलणार नाही आणि संपही ओसंडणार नाही. त्याच टाकीत चुन्याची निवळी, म्हणजे काल्कवासर, घालत असाल तर दुप्पट सावध. संपृक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो.

आता मोजमाप. समुद्राची क्षारता हजारी ३५, विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. कॅल्शियम ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० च्या जवळपास, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच हे तिचं माप) समुद्रात ७ डीकेएच, टँकमध्ये लोक ७ ते ९ ठेवतात. यातला कुठला आकडा ‘सर्वोत्तम’ यावर इथे तीनशे प्रतिसाद होतील, पण प्रवाळाला आकड्यापेक्षा तो रोज तोच असण्याशी मतलब आहे. आज ७.५, परवा ९.५, तेरवा ८ असं झालं की अक्रोपोराचं टोक पांढरं पडतं.

प्रवाळ सांगाडा बांधतं तेव्हा दोन्ही गोष्टी ठरावीक प्रमाणात उचलतं : अल्कलिनिटी २.८ डीकेएच खाली आली की कॅल्शियम २० पीपीएमने खाली येतं. म्हणून रोज अल्कलिनिटी मोजली तर कॅल्शियमचा अंदाज घरबसल्या येतो. उलट करायला जाऊ नका. ४२० मधले ७ पीपीएम घरगुती किटला दिसत नाहीत.

आणि माझी फजिती. पहिल्या वर्षी माझा टॉर्च सतत आखडलेला. सगळं मोजलं, सगळं ठीक. क्षारता ३५. दिवे कमी केले, प्रवाह बदलला, दगड हलवला. चार महिन्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं कंडक्टिव्हिटी मीटर आणून बुडवलं तर ३१! माझा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायची दुर्बीण, मी दर रविवारी निष्ठेने शुद्ध पाण्यावर शून्य करत होते. शून्यावर तो बरोबरच होता, चुकत होता तो ३५ पाशी. ३५ चं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावर जुळवायचा. विद्यार्थ्यांना ‘उपकरण ज्या टापूत वापरायचं त्याच टापूत तपासा’ असं दरवर्षी बोर्डावर लिहून देणारी बाई मी. दोन आठवड्यांत हळूहळू ३५ वर आणलं आणि टॉर्च असा फुलला की जणू मधलं काही झालंच नाही.

बुडबुडा | सोमवार, १७:०१

ताई, बोर्डावरच्या वाक्याखाली आता स्वतःचं नाव घाला.

फिरता_पंखा | सोमवार, १९:३०

विजेचं कुणी बोललं नाही म्हणून. प्रत्येक वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे. वायरवरून घरंगळलेला थेंब झोळात टपकतो, सॉकेटात जात नाही. आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवाच. सगळं एकाच सर्किटवर नको. हीटर एक मोठा घेण्यापेक्षा दोन अर्ध्या ताकदीचे घ्या आणि बाहेरून वेगळा कंट्रोलर लावा. हीटरचा थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेत चिकटतो. एकटा मोठा हीटर रात्रभरात रस्सा करतो. उन्हाळा कडक असेल तर चिलरची उष्णता कपाटाबाहेर जाईल अशी सोय आत्ताच करा, नाहीतर चिलर स्वतःचीच गरम हवा पीत बसतो.

वीज गेल्यावर पहिली टंचाई ऑक्सिजनची. तापमान नंतर. बॅटरीवरचा साधा हवेचा पंप जवळ ठेवा.

निळीशाई | सोमवार, २१:१४

रसभंग करते, क्षमस्व. ग्रेट बॅरियर रीफवर नुसत्या २०१६ ते २०२४ या काळात पाच वेळा (२०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४) मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं, आणि तेच त्याला जेवण देत असतं. समुद्रात ही अवस्था असताना आपण दिवाणखान्यात त्याचे तुकडे मांडायचे, हे मला जमत नाही. मासे तर बहुतेक समुद्रातूनच धरलेले.

टोपीवाला | सोमवार, २१:२०

झालं. आता धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न.

चिमूटभर | सोमवार, २२:०५

निळीशाई, प्रश्न योग्य आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. दगडी प्रवाळांच्या सगळ्या प्रजाती साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे परवान्याशिवाय देशांच्या सीमा ओलांडता येत नाहीत. शिवाय देशोदेशीचा कायदा वेगळा, काही ठिकाणी बाळगणंही गुन्हा. ते आधी पाहायचं, मगच टेप लावायला घ्यायची. मी फक्त दुसऱ्या टँकमध्ये वाढलेले तुकडेच घेते. एका हॅमरच्या फांदीपासून माझ्याकडून सहा घरांत हॅमर गेलाय. क्लाऊन पैदाशीचेच घ्यावेत, ते सहज मिळतात. पिवळ्या टँगची बंदिस्त पैदास हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये पहिल्यांदा साधली, तोवर एकूणएक पिवळा टँग समुद्रातून धरलेला होता. पण बहुसंख्य जाती अजून समुद्रातूनच येतात, हे तुझं खरं आहे.

निळीशाई | सोमवार, २२:३०

सहा घरांची गोष्ट आवडली. मत तेच आहे, पण ती आवडली.

रात्रपाळी | मंगळवार, ०१:५५

दगडांचं सांगायचं राहिलं. जिवंत दगड घ्यायचा की कोरडा?

जिवंत दगडात जिवाणू तयार असतात, टँक लवकर बसतो. १९६० च्या दशकात इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी असेच दगड आणि नुसते हवेचे बुडबुडे यांवर टँक चालवून दाखवले, पुढे बर्लिन पद्धतीने त्याला स्किमरची, म्हणजे फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली. पण दगडासोबत बिनभाड्याचे भाडेकरूही येतात. माझ्या टँकमधून रात्री टिक् असा आवाज यायचा. दोन-तीन मिनिटं शांतता, मग टिक्. मला वाटलं काचेला तडा जातोय. आठवडाभर देव पाण्यात घालून बसलो. मग लाल दिव्यात पाहिलं तर एका भोकातून देठांवरचे दोन डोळे माझ्याकडे बघतायत, आणि बाहेर माझ्या खेकड्यांची रिकामी कवचं व्यवस्थित रचलेली. मँटिस श्रिंप, ठोशाने कवचं फोडणारा कोळंबीसारखा शिकारी. अख्खा दगड उचलून बादलीत ठेवला. मारवलं नाही. त्याला वेगळा टँक केला आणि तो पुढे चार वर्षं राजासारखा जगला.

कोरड्या दगडात हे काही येत नाही, पण जिवाणूही येत नाहीत. अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट, ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे. आणि मग पुढचे काही महिने टँक कुरूप दिसतो. आधी डायटमचा तपकिरी थर, मग हिरवं केसाळ शेवाळ, मग सायनो जिवाणूंचा लाल चिकट थर. बरेच लोक या काळात वैतागून रोज एक नवी बाटली ओततात. ओतू नका.

काठावरचा | मंगळवार, ०९:४०

हे एक शंभर टक्के मान्य. रात्रपाळी, झोपता कधी?

रात्रपाळी | मंगळवार, २३:५८

त्या पुरानंतर नाही.

शिंपला | बुधवार, ०८:१२

दगडांवरून आठवलं, थट्टा नाही म्हणून वेगळा प्रतिसाद. दगडावरचे जीव मारायला तो कधीही उकळू नका. पॅलिथोआ नावाची बटणांसारखी दिसणारी प्रवाळं असतात, त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. उकळलं की ते वाफेसोबत हवेत जातं आणि अख्खं घर आजारी पडतं. अशी माणसं दवाखान्यात दाखल झालेली आहेत. घासतानाही हातमोजे आणि चष्मा, पाण्याखालीच घासायचं. मी एकदा चष्मा नको म्हटलं, एक थेंब डोळ्यात गेला, आणि पुढचे तीन दिवस उजेडाकडे बघता येत नव्हतं.

मत्स्यावतार | बुधवार, ११:२५

माशांच्या यादीवर येतो. निळा टँग सहा फुटांतही मोठेपणी येरझाऱ्या घालतो, त्याला वगळाच. मँडरिन पहिल्या वर्षी नको. तो दिवसभर दगडावरचे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले सूक्ष्म जीव, टिपत हिंडतो, तयार खाणं बहुतेकदा बघतही नाही. नव्या टँकमध्ये कोपेपॉड संपतात आणि मासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उपाशी मरतो. मुलीला सांगा, आधी त्याच्या जेवणाची शेती करायची. संपात एक कप्पा सोडा, त्यात कीटोमॉर्फा शैवाल वाढवा, त्यावर रात्री दिवा. शैवाल नायट्रेट-फॉस्फेट खातं, रात्रीचा पीएच फार घसरू देत नाही, आणि त्यात कोपेपॉड पोसले जातात.

आणि विलगीकरण. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टँकमध्ये. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, क्रिप्टोकॅरिऑन, मुख्य टँकमध्ये एकदा शिरला की त्याच्या पुटकुळ्या दगड-वाळूवर बसतात. तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, कोळंबी-गोगलगायी-प्रवाळ सगळे मरतात. मग सगळे मासे पकडून बाहेर काढायचे आणि टँक ७६ दिवस माशांविना ठेवायचा. दगडांच्या डोंगरातून एक मासा पकडायला मला एक अख्खा रविवार लागला होता. आठ मासे होते.

अवांतर : क्लाऊनच्या जोडीत मोठी ती मादी. ती गेली की नराचीच मादी होते आणि खालचा एक बढती मिळून नर होतो.

बुडबुडा | बुधवार, ११:४०

आमच्या कार्यालयात बढत्या इतक्या शांतपणे होत नाहीत.

गोगलगाय | बुधवार, ११:४४

‘आठ मासे होते’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी जास्त वाईट वाटलं.

टोपीवाला | बुधवार, १३:३०

सौ. मला आधीच पाण्यात पाहतात. हा धागा त्यांना दाखवला तर काचेच्या आत पाहतील.

ओहोटी | पाच आठवड्यांनंतर, शनिवार, १२:१०

सगळ्यांचे आभार, आणि हिशेब.

इंजिनियर येऊन गेले. चार इंची भिंतीपाशी नको म्हणाले. बीमवरची जागा दाखवली, तिथे दाराच्या चौकटीमुळे सहा फूट बसत नाहीत. म्हणून टँक पाच बाय दोन बाय दोन झाला. काठावरचे, तुम्ही म्हणालात तेवढा लहान नाही, पण शंभर-सव्वाशे लिटर तुम्ही जिंकलात. उलट संप मोठा केला, चार फुटी. उतरते पाइप दोन, गेट व्हॉल्व्ह लावून. परतीचं तोंड अडीच सेंटिमीटरवर, त्याच्या वर भोक. दिवे खोक्यातच आहेत. मुलीने कोपेपॉडसाठी वही घातलीये.

आज नळाच्या पाण्याने भरून चाचणी. पंप तासभर चालवला, मग मुलीला बटण बंद करायला सांगितलं. माझ्या गणितात संपाचं पाणी अडीच सेंटिमीटर चढायला हवं होतं. चढलं ४.१. ओव्हरफ्लोच्या डब्यातलं आणि पाइपांतलं पाणी मी धरलंच नव्हतं.

रात्रपाळी | शनिवार, १२:२२

आता त्या भोकावर बोट ठेवा आणि पुन्हा करा.

लंबक | शनिवार, १२:२५

हे दिवसा जागे?

ओहोटी | शनिवार, १३:०५

बोट ठेवलं. म्हणजे मी वर स्टुलावर, खांद्यापर्यंत हात आत, भोकावर बोट. मुलगी खाली संपापाशी पट्टी घेऊन आकडे ओरडतेय, बायको दारात टॉवेलांची चळत घेऊन उभी. पाच... सहा... सात... सात पॉइंट एक, थांबलं. वर अजून आठ सेंटिमीटर कोरडी काच. टॉवेल घडी न मोडता कपाटात परत गेले.

रात्रपाळी | शनिवार, १३:०९

👏 आता दुसरी चाचणी. उतरता मुख्य पाइप बुचाने बंद करा, कोरडा पाइप एकटा पेलतो का पाहा. मग दोन्ही बंद करा आणि पंप संपातल्या परतीच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकू दे. टँक काठोकाठ भरतो की ओसंडतो, ते आज कळलेलं बरं.

ओहोटी | शनिवार, १४:४०

कोरड्याने पेललं, पण आवाज नळ फुटल्यासारखा. दोन्ही बंद केल्यावर कप्पा रिकामा झाला, पंप हवा खायला लागला, वर पाणी काठाच्या एक बोट खाली. एक बोट. टॉवेल पुन्हा बाहेर आले होते.

बुडबुडा | शनिवार, १४:४६

मासे कधी?

ओहोटी | शनिवार, १४:५८

आधी हे नळाचं पाणी काढायचंय. साडेपाचशे लिटर वर, खाली संपात वेगळं. आराखड्यात भरायची सोय तीन ठिकाणी आहे, काढायची एकाही ठिकाणी नाही. आणि नळी मोरीपर्यंत चार हात कमी पडतेय.